पाहुणा उठेपर्यंत

"दुर्गव्वा, हे दोन्ही कुकर तुमचेच?"

"आमचंच की, बाई."

"दोन कशाला लागतात?"

दुर्गव्वानं जरा विचार केला. "एक भाताला, एक डाळीला," ती म्हणाली, आणि दारात दाटी करून उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी तोंडाला पदर लावला.

मी गुडघ्यावर फॉर्म घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. तसल्या चार खुर्च्या त्या खोलीत होत्या. खोली म्हणजे तरी काय, तीन बाजूंना रचलेला दगड, चौथ्या बाजूला तरट आणि वर पत्रा. त्या पत्र्याखाली एक टीव्ही होता, टीव्हीवर विणलेला रुमाल, रुमालावर रेडिओ. एक टेबलफॅन डावीकडून वारा घालत होता आणि दुसरा उजवीकडून, त्यामुळे फॉर्मनं कुठल्या बाजूला उडावं हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. विजेची वायर शेजारच्या शिवव्वाच्या खोपटातून तरटाच्या फटीतून आत आलेली. दोरीवर नऊ साड्या. माणसं दोन. आणि हे सगळं वैभव कुठं, तर वस्तीतल्या सगळ्यात फाटक्या घरात. फाटकं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण या घरातली रेणुका तीन वर्षं एकाच गणवेशावर माझ्या वर्गात बसली होती.

या गोष्टीला बावीस-तेवीस वर्षं झाली. जत भागातल्या एका गावात मी हायस्कुलात शिकवत होते. लोक मला टोणपेबाई म्हणत, पोरं नुसतं बाई. त्या वर्षी सरकारनं गरीब मोजायला काढले होते. मोजायला अर्थात आम्ही. माणसं मोजायची आम्ही, मतदार मोजायचे आम्ही, उद्या गावातली कुत्री मोजायची ठरली तरी शिक्षकांनाच पट्टे हातात घेऊन फिरावं लागलं असतं.

तालुक्याला एक दिवस प्रशिक्षण झालं. हुक्केरी नावाचे विस्तार अधिकारी होते, बोलायला मोकळे, अंगानं भरलेले. ते म्हणाले, "जगातल्या सगळ्या देशांनी बसून ठरवलंय, गरिबी निम्मी करायची. आता निम्मी करायची तर आधी पुरी किती हे कळायला नको?"

आमच्या शाळेचे ड्रिलचे सर मागून म्हणाले, "साहेब, आपल्या तालुक्यात किती निघाले तर चालतील?"

"तो आकडा वरनं आलाय."

"मग मोजायचं कशाला?"

"कोण ते ठरवायला," हुक्केरी म्हणाले, आणि चहा मागवला. सगळे हसले, मीही हसले. त्या उत्तरात काय होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

फॉर्मवर तेरा प्रश्न होते. जमीन किती, घर कसलं, कपडे किती, टीव्ही-पंखा-कुकर-रेडिओ आहे का, असे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जन्मभर पोरांना जास्त गुण मिळवा म्हणून बजावणारी मी. इथं ज्याला कमी तो पास. आमच्याकडं रेष अठरावर ओढली होती. अठरापर्यंत गरीब, एकोणीसला नाही.

शेवटी हुक्केरींनी बोट वर करून सांगितलं, "लोक गरीब व्हायला बघतात, ध्यानात ठेवा. परवा शेजारच्या तालुक्यात एकानं कडब्याच्या गंजीत टीव्ही लपवला होता. सापडला. अख्खं घर यादीतून बाद. तुम्ही दिसेल ते लिहायचं, विचारायचं, आणि सांगतील ते लिहायचं. तुमच्या मनातलं काही लिहायचं नाही."

मला हे फार पटलं. मी नियमाची बाई. पोराचा पाव गुण वाढवायचा झाला तरी मी दोनदा उत्तरपत्रिका वाचणार. आपल्या सरळपणाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

माझ्या वाट्याला आली खाणवस्ती. गावाबाहेर बारा घरं, सगळी दगडाची माणसं. पुरुष पाटे-वरवंटे घडवायचे, बायका डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव पाट्या-जात्यांना छिन्नीनं टाकी लावत फिरायच्या. घरोघर मिक्सर आले आणि टाकीची हाक बंद झाली. मग ते खडी फोडायला लागले, तर खाणीवर परदेशी यंत्र बसलं. वस्ती महिनाभर फोडायची तेवढं ते दिवसात फोडून मोकळं. त्यानंतर ही माणसं मिळेल ते करायची. दोन बरे महिने गेले की कुणी एखादा जुना टीव्ही आणायचं, कुणी पंखा. बाकी सगळं आहे तसंच.

दुर्गव्वा धोत्रेचा नवरा हणमंत धुळीनं छाती भरून गेला होता. मागं ती आणि पोरगी रेणुका. रेणुकाला दहावीला अडुसष्ट टक्के पडले होते. त्या वस्तीतून दहावी पास झालेली ती पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. जिल्ह्याच्या गावी दीड वर्षाचा कोर्स होता, राहणं-खाणं धरून फी माफ, पण दारिद्र्यरेषेखालचा दाखला हवा. तो फॉर्म मीच तिला आणून दिला होता. "यादी लागली की आपलं काम झालं," असं मीच तिला सांगितलं होतं. गुरुवारी मोजायला येते, हा निरोपही मी तिच्याच हाती वस्तीवर धाडला होता.

त्या गुरुवारी वरच्या अंगानं सुरुवात करून मी अकरा घरं केली. एकाही घरात काही नव्हतं. भिंतीला वायर होती, पंखा नव्हता. फळीवर धुळीत एक चौकोन स्वच्छ होता, त्यावर ठेवायची वस्तू नव्हती. शिवव्वाच्या चुलीपाशी तीन ताटं आणि एक पातेलं. "विकलं बाई सगळं," असं दोघी-तिघींनी न विचारता सांगितलं. चहा कुणीच विचारला नाही, त्याचं मला जरा नवल वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "चहा दुर्गव्वाकडं हाय."

आणि आता दुर्गव्वाकडं ही जत्रा भरलेली.

मला कळलं नाही असं नाही. रेणुकानं आठवीत 'आमची वस्ती' असा निबंध लिहिला होता. तिनं लिहिलं होतं: आमच्याकडं एका घरी पाहुणा आला की सगळ्या घरांतल्या चांगल्या वस्तू त्या घरी नेतात. पाहुणा उठेपर्यंत त्या वस्तू त्या घराच्या असतात. ज्याची वस्तू त्यानंसुद्धा तिला माझी म्हणायचं नसतं. मी त्याखाली लाल पेन्सिलीनं 'छान' लिहिलं होतं.

म्हणजे हा माझा पाहुणचार होता. बाई पहिल्यांदा घरी येणार म्हणून वस्तीनं पोरीचं घर सजवलं, असं मी धरलं. मला गहिवरून आलं आणि त्याच वेळी घामही फुटला. कारण फॉर्मवर पाहुणचाराचा रकाना नव्हता.

"टीव्ही तुमचाच?" मी विचारलं. ती नाही म्हणाली तर सुटले, असं मनात म्हणत होते.

"आमचाच."

"दोन्ही पंखे?"

"व्हय."

"साड्या? नऊ?"

"नेसतीया की आलटून-पालटून," दुर्गव्वा म्हणाली. तिच्या अंगावरच्या लुगड्याला तीन ठिगळं होती. मी ती पाहिली आणि तिनं मला पाहताना पाहिलं.

"दुर्गव्वा, नीट सांगा. मला सांगाल तेच लिहावं लागतं."

"लिवा की. तुमाला काय सांगायचं?" ती हसली. मागच्या बायकाही हसल्या. कुणाच्याच चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट जत्रेत पाळण्यात बसल्यावर दिसावी तशी मजा होती. रेणुका पंख्यापाशी उभी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, पेनकडं बघत होती.

माझं पेन थांबलं. ही माझी लाडकी विद्यार्थिनी. हिच्यासाठी मी डोळ्यांआड केलं तर बाकीच्या अकरा घरांना काय तोंड दाखवू? उद्या कुणी म्हणालं, बाईंनी आपल्या पोरीचं घर बरोबर आत घेतलं, तर? दिसतंय ते लिहा. सांगतील ते लिहा. मी लिहिलं. टीव्ही आहे, पंखा आहे, कुकर आहे, रेडिओ आहे. कपडे भरपूर. बेरीज बावीस झाली. त्या मांडलेल्या वस्तू धरल्या नसत्या तर पंधरा.

मग मी शिवव्वाच्या कपातून चहा प्यायले. चहा गोड होता. अंगठा उठवून घेताना दुर्गव्वा म्हणाली, "झालं न्हवं बाई आमच्या रेणुकाचं?" मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय होता, हे मलाही सांगता येणार नाही.

दोन महिन्यांनी यादी लागली. खाणवस्तीची अकरा घरं यादीत होती. बारावं नव्हतं.

रेणुका शाळेत आली आणि स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. "बाई, आमचं नाव नजरचुकीनं राहिलंय बहुतेक," ती म्हणाली.

"नजरचूक नाही गं," मी म्हणाले. "गुण जास्त झाले."

तिला ते समजेना. "पण बाई, तुम्हीच तर आला होता," ती म्हणाली. रागानं नाही. गणितातली एखादी पायरी राहून गेली की ती जशी विचारायची, तसं.

मी तिला सांगितलं की पुढच्या सोमवारी ग्रामसभा आहे, यादीवर तिथं हरकत घेता येते, मी स्वतः उभी राहते. वस्तू दुसऱ्यांच्या होत्या एवढंच तर सांगायचं. तिनं मान डोलावली, पण निघताना ती दोनदा थांबली.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. हुक्केरी साहेब खुर्चीत, ग्रामसेवक यादी वाचतोय. खाणवस्तीची नावं झाल्यावर मी उठले. खणखणीत आवाजात सांगितलं, "दुर्गव्वा धोत्रेंच्या घरात मी ज्या वस्तू लिहिल्या, त्या त्यांच्या नाहीत. पाहुणा आला की मांडायची वस्तीची रीत आहे. मी ते ओळखायला हवं होतं. चूक माझी आहे."

हुक्केरींनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. "ठीक आहे, बाई," ते म्हणाले. "मग वस्तू कुणाच्या? नावं सांगा. ज्याची वस्तू त्याच्या फॉर्मात घालतो आणि हिच्यातनं काढतो. कुकर कुणाचा?"

मी खाणवस्तीच्या घोळक्याकडं पाहिलं. शिवव्वा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तिच्या शेजारच्या बाईनं डोळे मिटून घेतले होते. पुरुष आभाळाकडं बघत होते. शिवव्वाच्या फॉर्मची बेरीज सतरा होती, मला पाठ होती. दुसरीची अठरा. वस्तूंचे गुण चढले की दोन्ही घरं बाद होणार होती. मी उघडलेलं तोंड मिटलं.

"कुणाचा म्हंजे?" मागून आवाज आला. दुर्गव्वा उठून उभी राहिली होती. "आमचा. कुकर आमचा, टीवी आमचा, पंखं आमचं. बाईंचं काय ऐकताय सायेब? आमच्या रेणुकाची माया हाय त्यास्नी, म्हणून बोलत्यात."

"विचार करून बोला," हुक्केरी म्हणाले. "तुम्ही यादीत येणार नाही."

"नगं. आमचं बरं चाललंय."

सभा हसली. "गरीब नाही म्हणून भांडणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय," हुक्केरी म्हणाले, आणि पुढचं नाव वाचायला सांगितलं. पाराच्या कडेला बसलेली रेणुका उठली आणि कुणाकडंही न बघता वस्तीच्या वाटेला लागली.

मी दुर्गव्वाला रस्त्यात गाठलं. मला दम लागला होता आणि रडू येत होतं, नेमकं कुणावर ते कळत नव्हतं.

"असं का केलंत? पोरीचं नुकसान केलंत तुम्ही!"

"मग काय करू? अकरा घरं पाडू?"

"पण मला आधी सांगायचं तरी!"

"सांगायचं कशाला, बाई?" ती थांबली. "आमी समद्यांनी बसून ठरवलं. मोजायला येणार म्हंजे वस्तू कुटं ठिवायच्या? गंजीत ठिवलं तर सापडतंय. शिवव्वा म्हणली, दुर्गव्वाच्या घरात मांडू. त्या घरात रेणुका हाय. बाई रेणुकाच्या. बाकीच्या घरात बाई नियमानं लिवतील, पर रेणुकाच्या घरात सोन्याचा पलंग दिसला तरी बाई बघून घेतील. तुमच्यावर सोडलं व्हतं आमी."

"अहो, पण मी खोटं कसं लिहिणार होते?" मी म्हणाले.

दुर्गव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलते आहे ते तिला खरंच कळत नव्हतं. "खोटं?" ती म्हणाली. "आमच्या घरात काय न्हाई, हे तुमाला ठावं व्हतं की. मग खोटं त्ये कुटलं?"

ती निघून गेली. मी रस्त्याच्या मधोमध किती वेळ उभी होते कोण जाणे. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून बाजूला केलं. घरी आल्यावर मी हुक्केरींना मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग वस्तीला घातल्या, मग स्वतःला. एकही शिवी आपल्या जागी बसली नाही. माझ्यावर प्रेमापोटी सोपवलेलं काम मी प्रामाणिकपणामुळं बिघडवलं होतं, की त्यांनी माझ्या प्रेमाचा लबाडीसाठी वापर केला होता? दोन्ही खरं वाटायचं, आणि दोन्ही एका वेळी खरं असू नये असंही वाटायचं.

पंधरा दिवसांनी तिघी शाळेत आल्या. पुढं शिवव्वा, तिच्यामागं रेणुका, आणि दाराबाहेर दुर्गव्वा. शाळा सोडल्याचे दाखले मीच लिहायची, मुख्याध्यापक नुसती सही करायचे. रेणुकाचा दाखला अजून न्यायचा राहिला होता.

शिवव्वानं पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर खाली नव्या शाईनं एक नाव चढलं होतं: रेणुका मल्लाप्पा मुद्दे. मल्लाप्पा म्हणजे शिवव्वाचा नवरा. त्यांना मूलबाळ नव्हतं.

"दाखल्यावर हे नाव लावा, बाई," शिवव्वा म्हणाली. "आमचं घर यादीत हाय. आमच्या घरची पोरगी म्हणून जाऊ दे तिला. कुकर आमचा त्यांच्या घरात ऱ्हायला न्हवं? मग आता पोरगी आमच्या घरात."

"अहो, रजिस्टरात धोत्रे आहे. पाचवीपासून आहे."

"खोडायला येत न्हाई?"

येत होतं. मी रजिस्टर उघडलं. खोडायला येतं आणि मी खोडणार नाही, म्हणूनच तर ते माझ्याकडं दिलेलं होतं. मी रेणुकाकडं वळले. "तुला चालेल का हे?"

"बाई, प्रवेशाची तारीख परवाची आहे," ती म्हणाली. एवढंच.

दाराबाहेर दुर्गव्वा आमच्याकडं पाठ करून उभी होती. भिंतीवर शाळेच्या नियमांचा फलक होता, त्याकडं मान वर करून ती बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

मला वाटतं, मी वेळ काढत होते. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, आणि विचारल्यावर माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटलं.

"शिवव्वा, ही मुलगी तुमचीच?"

"आमचीच की, बाई."

बाहेर दुर्गव्वाचा पदर हलला, पण ती वळली नाही. विचारायचं, आणि सांगतील ते लिहायचं. मी पेनचं टोपण काढलं आणि धोत्रेवर आडवी रेघ मारली. नियम मी दोन्ही वेळा पाळला होता. पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटला होता आणि एका पोरीचं नुकसान झालं होतं. दुसऱ्यांदा मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा दाखला दिला, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. यातून काय शिकायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

रेणुका नर्स झाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच लागली.

नऊ वर्षांनी रक्तदाब तपासायला मी तिथं गेले होते. बायकांच्या वॉर्डात कडेच्या खाटेवर दुर्गव्वा दिसली. फारच वाळली होती. रेणुका तिच्या हाताची सलाईनची सुई नीट करत होती, छातीवर नावाची पट्टी: रेणुका म. मुद्दे. सुई बसल्यावर तिनं म्हातारीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि हात तिथंच ठेवला.

एक नवी कारकून मुलगी रजिस्टर घेऊन आली. "आजी, तुमचं जवळचं कोण आहे? नाव लिहायचंय."

"कोन न्हाई," दुर्गव्वा म्हणाली.

"मूलबाळ?"

"न्हाई."

"मग या सिस्टर ड्यूटी संपली तरी तुमच्याजवळ बसतात, त्या कोण?"

दुर्गव्वानं डोळे उघडले. रेणुकाकडं बघून नाही, छताकडं बघत ती म्हणाली, "ती शिवव्वाची."

रेणुकानं चादरीचा कोपरा गादीखाली दुमडला, मग उलगडला, मग पुन्हा दुमडला. सांगितलं ते कारकून मुलीनं लिहून घेतलं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. दुर्गव्वानं मला ओळखलं आणि उशाजवळच्या स्टुलाकडं बोट केलं. "बसा की, बाई," ती म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं, त्या मुलीला, कुणालाही, की ही हिचीच आहे. मग ग्रामसभा आठवली आणि मी तोंड मिटून स्टुलावर बसले. वस्तीच्या रीतीप्रमाणं पाहुणा अजून उठला नव्हता.